२२ जून १८९७चा मंगळवार



‘गोंद्या आला रे’ एवढे तीन शब्द उच्चारले की पुण्यात पुढची हकिकत कुणाला सांगावी लागत नाही. गणेशखिंडीचा रस्ता, गव्हर्नरांच्या बंगल्यावरून परतणाऱ्या बग्ग्या, चापेकर बंधूंच्या गोळ्या, प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट. ती रात्र आपल्याला पाठ आहे. आज मला त्या रात्रीविषयी थोडे आणि त्या दिवसांतल्या वर्तमानपत्रांविषयी जास्त बोलायचे आहे.

२२ जून १८९७ला मंगळवार होता. टिळकांचा केसरी तेव्हा साप्ताहिक होता आणि मंगळवारी निघायचा. गोळ्या सुटल्या मध्यरात्रीच्या सुमारास. म्हणजे ज्या तारखेला रँडवर गोळी झाडली गेली, त्या तारखेच्या अंकात ती बातमी असणे शक्यच नव्हते. रविवारी, २७ला, इंग्रजी ‘मराठा’ निघणार आणि केसरीचा पुढचा अंक २९ला. आपण त्या दिवसाकडे कायम मध्यरात्रीच्या बाजूने पाहतो. सकाळी अंक हातात घेणाऱ्या वाचकाला मध्यरात्र ठाऊक नव्हती. त्या उन्हाळ्यात तो काय वाचत आला होता, हे समजून घेतल्याशिवाय ती मध्यरात्रही नीट समजत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जगभरच्या पत्रांचा त्या दिवशीचा मोठा विषय एकच होता: व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव. मिरवणुकीला निघण्यापूर्वी राणीने बकिंगहॅम राजवाड्यात विजेचे बटण दाबले आणि प्रजेचे आभार मानणारा तिचा संदेश तारेने साम्राज्यभर गेला. लंडनमध्ये तेव्हा सकाळ होती, आपल्याकडे दुपार कलली होती. सेंट पॉल कॅथीड्रलच्या पायऱ्या चढणे तिला झेपणारे नव्हते, म्हणून प्रार्थना बाहेरच, ती गाडीत बसलेली असताना झाली. गणेशखिंडीतला समारंभ याच महोत्सवाचा. तो आटोपून रँड निघाला होता.

पण त्या जूनमध्ये बातम्या आणखीही होत्या. १२ जूनच्या संध्याकाळी आसामात प्रचंड भूकंप झाला. शिलाँगमधल्या दगडी इमारती कोसळल्या, सुमारे दीड हजार माणसे गेली. भूशास्त्र खात्याच्या ओल्डहॅम यांनी त्यावर लिहिलेला अहवाल आजही अभ्यासला जातो. आणि नेमक्या त्याच शनिवारी पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव सुरू झाला होता, ज्याचा वृत्तान्त १५ जूनच्या केसरीत आला आणि पुढे टिळकांना तुरुंगात घेऊन गेला. एकाच तारखेच्या या दोन घटना आपल्या पाठ्यपुस्तकांत कधी शेजारी येत नाहीत.

त्याआधी दुष्काळ. १८९६-९७च्या दुष्काळात सरकारच्याच फॅमिन कोडप्रमाणे शेतकऱ्याला कोणते हक्क आहेत, हे केसरी मराठीत समजावून सांगत होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे लोक गावोगाव हेच सांगत फिरत होते. मार्च १८९७मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. त्याच मार्चमध्ये, १० तारखेला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. २२ जूनला ज्या गव्हर्नर-बंगल्यात मेजवानी झाली, तो आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे आणि त्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगतो तेव्हा वर्गात काही क्षण कुणी बोलत नाही.

आता मला सर्वांत मोलाच्या वाटणाऱ्या मजकुराकडे येतो. तो केसरीतला नाही. मे १८९७मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या मुंबईच्या ख्रिस्ती पत्रात पंडिता रमाबाईंचे एक पत्र छापून आले. रमाबाईंनी त्या वर्षी मध्य प्रांतातल्या दुष्काळातून शेकडो मुली आणि विधवा वाचवून आणल्या होत्या. त्या मुलींची जबाबदारी शिरावर असलेल्या बाईने पुण्याच्या प्लेग-इस्पितळातल्या व्यवस्थेवर आणि तिथे स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीवर नाव घालून लिहिले. सरकारने त्याचा इन्कार केला. प्लेगचे रोगी शोधण्यासाठी सोजिरांनी केलेल्या घरझडतीच्या संतापाविषयी आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा पुरुषांचा संताप सांगतो, घरातल्या बायकांची विटंबना झाली म्हणून पेटलेला. इथे एक बाई स्वतः, स्वतःच्या सहीने बोलते आहे. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळे पुण्यातल्या अनेकांनी तिला दूर लोटले होते, तरी या शहरातल्या बायकांसाठी ती सरकारशी भांडली. चापेकरांच्या कथेत या पत्राला जागा मिळायला हवी.

हेच पत्र पुढे विलायतेला पोचले. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. त्यांना पुण्याहून मित्रांचीही पत्रे येत होती, त्यांत सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे लिहिलेले होते. जुलैच्या सुरुवातीला गोखल्यांनी ते ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले. पार्लमेंटात खळबळ उडाली. पण रँडच्या खुनानंतर पुण्यातले वातावरण असे झाले होते की पुरावा द्यायला कुणी पुढे येईना. मुंबईत परतल्यावर गोखल्यांनी जाहीर माफी मागितली, आणि त्यांच्यावर चौफेर टीका झाली. विलायत हाकेच्या अंतरावर नव्हती, पत्रे बोटीने जात. पत्रातली बातमी काही आठवडे मागे पडत असे. मेमध्ये लिहिलेली तक्रार विलायतेत जुलैत छापली गेली, तोवर मध्ये २२ जून येऊन गेला होता. एरवी ज्या तक्रारीची चौकशी तरी झाली असती, ती आता साम्राज्याविरुद्धचा कट वाटू लागली.

छापील मजकुराचे असेच होते. १५ जूनच्या अंकातले ‘शिवाजीचे उद्गार’ हे काव्य आणि उत्सवाचा वृत्तान्त २२ तारखेनंतर नव्या नजरेने वाचला गेला. ६ जुलैला केसरीने ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असे विचारले. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. खटल्यात केसरीचे मुद्रकही आरोपी होते, हे फारसे कुणाला माहीत नसते, ते सुटले. टिळकांना १४ सप्टेंबरला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी दीड वर्षाची सक्तमजुरी सुनावली. नऊ ज्यूरर होते: सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी ज्यूररांनी निर्दोष.

आणि केसरी एकटा नव्हता. सातारा जिल्ह्यात तेव्हा असलेल्या इस्लामपूरला ‘प्रतोद’ नावाचे पत्र निघत असे. त्यात कॅनडातल्या लोकांच्या स्वातंत्र्याच्या आकांक्षेवर एक लेख आला होता. गणेशखिंडीशी त्याचा संबंध नव्हता, रँडशीही नव्हता. त्यावर त्याच वर्षी राजद्रोहाचा खटला झाला. साताऱ्याच्या सेशन्स कोर्टाने दिलेली शिक्षा इतकी जबर होती की हायकोर्टाने ती बरीच कमी केली. टिळकांच्या खटल्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. प्रतोदच्या संपादकांवर कुणी तरुणाने एक प्रबंध लिहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे, आणि त्यासाठी लागेल ती मदत मी करीन.