पोशिंदा कोण?

दोस्तहो, आणि मागं दाराशी उभ्या असलेल्या आयाबायांनो, जय भीम.

मला 'बदलती स्त्री' हा विषय दिलाय. बाई किती बदलली ते तिला विचारा. मी बाप्यांबद्दल बोलतो.

गोदीत पोती वाहतो म्हणून आपण छाती काढून चालतो. पण 1948च्या गोदी कामगार कायद्याआधी आपल्या पणजोबांची गत काय होती? पहाटे गेटवर उभं राहायचं. टोळीवाला बोट दाखवील त्याला काम, बाकीचे उपाशी. लढून कायदा आला, नोंदणी झाली, काम नसलं तरी हजेरीचे पैसे मिळू लागले. पुढं कंटेनर आले, 1989ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, मुंबईच्या गोदीतला माणूस कमी होत गेला. मी कंत्राटी. माल आला तर दाम.

मग घर कोण चालवतं? पलीकडच्या टॉवरात चार घरची भांडी घासणारी. महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा तिचा. लिफ्ट वेगळी, गेटवर पिशवी तपासतात, दोन खाडे झाले की तिसऱ्या दिवशी दुसरी बाई. 2008 साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याणाचा कायदा झाला खरा, पण ती आज उभी हाय तिथंच, जिथं पणजोबा उभा होता.

आणि संध्याकाळी घरी आली की दुसरा टोळीवाला खाटेवर बसलेलाच. 'च्या ठेव गं.'

2019च्या सरकारी पाहणीत देशाचा हिशोब निघाला. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाची सरासरी 299 मिनिटं घालते, पुरुष 97. तेही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचं बोलतोय, आणि असे शंभरात 26च. म्हणजे आपल्या पाठीवरचं पोतं तिनं उचललं, तिच्या पाठीवरचं तिथंच राहिलं.

तरी पोशिंदा आपणच! हा शब्द कसा चिकटला बघा. 1928 साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याच्या बाजूनं उभे राहिले. 1929ला कायदा झाला. बायांना रात्रपाळीची बंदी होतीच. मालक म्हणाले, बाई महाग पडते, आणि बाप्ये भरत गेले. युनियनवालेही 'कुटुंबाचा पोशिंदा' म्हणून पुरुषाचाच पगार मागत राहिले. 1920च्या दशकात गिरण्यांत पाच कामगारांमागं एक बाई होती. 1982च्या संपापर्यंत ती नावापुरती उरली. त्या संपात चुली पेटत्या कुणी ठेवल्या ते गिरणगावातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा.

1942ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी पोरींना सांगितलं, नवऱ्याची मैत्रीण व्हा, बरोबरीच्या व्हा, गुलाम होऊ नका. आपण ते बॅनरवर रंगवतो. बॅनरखाली आपण भाषण ठोकतो, आणि मंडपामागं धुरात भाकऱ्या थापणाऱ्या कोण? मघाशी चहा कुणी आणला?

म्हणून ठराव मांडतो. येत्या 6 डिसेंबरला चैत्यभूमीवरच्या आपल्या स्टॉलचा सैपाक बाप्यांनी करायचा. माईक आणि पैशाची पेटी बायांकडं. कणीक मळता येत नसंल त्यांनी आत्ताच नाव द्या. माझी आई रविवारी शिकवायला बसणार हाय. फुकट नाय, तासाचे पैसे घेणार म्हणाली.