आधी जमीन बघ
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



बोलायला सांगितल्यावर मी विचारलं, "कशावर?" संयोजक म्हणाले, "कशावरही, फक्त कॉम्प्युटरवर नको." म्हणून जीपवर बोलते.

माझ्याकडे एक जुनी जीप आहे. चारही चाकांना पाटे. पावसाळ्यात ती घेऊन मी चिखलात, ओढ्यात हिंडते. गेल्या वर्षी लक्षात आलं, मागून पाहिलं की ती डावीकडे झुकलेली दिसते. शहरातल्या गॅरेजमध्ये मागचे दोन्ही शॉकअप बदलले. फरक शून्य. मग मीच निदान केलं: मागचा डावा पाटा बसला. इंजिनिअर ना मी! मागच्या पाट्यांचा नवा जोड टाकला. जीप तशीच तिरकी.

दिवाळीत तीच घेऊन गावी आले आणि आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या गॅरेजवर गेले. नाव घेऊ नकोस म्हणालाय, पण तुम्ही ओळखालच.

त्यानं पान्याला हात लावला नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी काढली आणि आधी फरशी समपातळीत आहे का ते पाहिलं. चारही टायरची हवा तपासून सारखी केली. डाव्या बाजूची हत्यारांची पेटी आणि डिझेलचा कॅन उतरवला. गाडी थोडी पुढेमागे ढकलून पाटे नीट बसू दिले. मग टेप लावली, ती चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीजही त्यात मिसळते. मागची डावी बाजू 30 मिलिमीटर खाली. अ‍ॅक्सलपासून चासीपर्यंत मोजलं, तिथेही डावीच खाली. म्हणजे दोष बॉडीखालच्या रबरांत नव्हता.

"शॉकअप उसळी आवरतो. गाडीचं वजन पेलतात पाटे," तो म्हणाला.

"पण पाटे तर नवे आहेत."

"मागचे."

मागच्या चाकांना उटी लावून त्यानं चासीच्या पुढच्या आडव्या पट्टीखाली, बरोबर मध्यावर जॅक ठेवला आणि पुढची चाकं जेमतेम अधांतरी होईपर्यंत गाडी उचलली. आता पुढचा भार एकाच बिंदूवर होता. पुढून डावीकडे ओढणारं कोणी उरलं नव्हतं. मागे पुन्हा टेप लावली. फरक फक्त 3 मिलिमीटर! चासी ताठ असते. पुढचा डावा कोपरा बसला की मागचाही त्याच्याबरोबर झुकतो. मी पुढे मोजलंच नव्हतं.

पुढचा डावा संच उघडला, तर आतल्या तिसऱ्या पाट्याला सेंटर बोल्टच्या भोकापाशी आरपार तडा. वरचा मोठा पाटा धडधाकट, त्यामुळे बाहेरून काही दिसत नव्हतं. नवे पाटे बसवल्यावर बुशांचे बोल्ट त्यानं गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळले. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलं जातं आणि उंची पुन्हा फसवते.

हे सगळं सांगण्याचं कारण ती पाण्याची नळी. ती पाहिली आणि मला नववीतली प्रयोगशाळा आठवली. तराजूचा काटा रिकाम्या पारड्यांनीही मधोमध येईना. शेवटचा हात त्याचा लागला होता. मी मॉनिटर. "यानंच बिघडवला," असं मी सरांना छातीठोकपणे सांगितलं. तो दोन दिवस वर्गाबाहेर उभा होता. दहावीत सरांनी तराजूखालचे स्क्रू फिरवले, ओळंबा टोकावर आला आणि काटा आपोआप मधे. तराजू ठणठणीत होता. हललं होतं टेबल. मला त्याच दिवशी कळलं. मी गप्प बसले.

गॅरेजमध्ये मी त्याला हे सांगितलं. टेप गुंडाळत तो म्हणाला, "मलाही वाटायचं, मीच बिघडवला. सगळे म्हणत होते ना."

मित्रांनो, वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते आहे. जिथे बिघाड दिसतो तिथेच तो असतो असं नाही, हे नव्या मुलांना रोज शिकवते. आणि हे एक टेबल तपासायचं राहून गेलं होतं.

सर, त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. आणि तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या माझ्या मित्रा, तराजू तू बिघडवला नव्हतास. तेव्हा सगळ्या वर्गासमोर तुझं नाव घेतलं होतं, म्हणून आज सगळ्या वर्गासमोरच तुझी माफी मागते.