वेब डेव्हलपरांच्या संमेलनाला जाताना



संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना मी नेहमी विचारतो की, वेब डेव्हलपरांची संमेलने भरतात, तेथे तुम्ही जाता का? उत्तर बहुधा एकच मिळते. "सर, ते मोठ्या कंपन्यांतल्या लोकांसाठी असते. सगळे इंग्रजीत बोलतात. आम्ही तिथे जाऊन काय करणार?" या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे म्हणून मी आज उभा आहे. उदाहरण घेतो ते वर्डकॅम्पचे.

वर्डप्रेस ही संकेतस्थळे तयार करण्याची प्रणाली. जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन तिच्यावर चालतात, आणि ती कोणीही विनामूल्य वापरावी, हवी तशी बदलावी अशी मुभा आहे. तिचा जन्म ऐकण्यासारखा आहे. मॅट मुलनवेग हा 19 वर्षांचा अमेरिकन तरुण बी-टू नावाची प्रणाली वापरीत असे. तिचे काम बंद पडले. ते आपण पुढे न्यावे, असा विचार त्याने जानेवारी 2003 मध्ये जाहीरपणे मांडला. इंग्लंडमधून माइक लिटल यांनी मदतीची तयारी कळविली आणि त्याच वर्षी मे महिन्यात पहिली आवृत्ती निघाली. ना कचेरी, ना भांडवल!

या लोकांचे पहिले संमेलन 2006 साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरले. पुढे गावोगावी भरू लागले. स्थानिक स्वयंसेवक ते भरवितात, वक्ते मानधन घेत नाहीत, आणि खर्चाचा मोठा भार प्रायोजक उचलतात, म्हणून प्रवेशिका स्वस्त असते. आशिया खंडाचे संमेलन 2023 साली बँकॉक, 2024 साली तैपेई आणि 2025 साली मनिला येथे झाले. 2026 सालासाठी मुंबईची निवड झाली. तेव्हा फार दूर असते ही सबब आपल्याला उरलेली नाही.

आता तेथे गेल्यावर काय करावे? आपल्याकडे सभागृहात पुढची खुर्ची पकडून सकाळपासून संध्याकाळपर्यंत भाषणे ऐकण्याची सवय आहे. वर्डकॅम्पची भाषणे बहुधा ध्वनिचित्रित होतात आणि नंतर घरबसल्या फुकट पाहता येतात. घरी मिळत नाहीत ती माणसे! ती भेटतात बाहेर, चहाच्या टेबलाशी. एरिक होल्शर नावाच्या प्रोग्रामरने अशा संमेलनांसाठी एक साधा नियम सांगितला आहे. घोळका करून बोलत उभे राहाल तेव्हा एका माणसाची जागा मोकळी सोडा. पॅकमॅन या जुन्या खेळातल्या पिवळ्या गोलाला जसे उघडे तोंड असते, तशी. ती मोकळी जागा दिसली की तुम्ही जाऊन उभे राहा. परवानगी मागावी लागत नाही. ऐका, न समजल्यास विचारा. मोडक्या इंग्रजीत विचारले तरी चालते, आणि पुण्या-मुंबईच्या संमेलनात मराठी-हिंदीत उत्तर देणारेही भेटतात. प्रायोजकांच्या दालनांतून स्टिकर आणि टी-शर्ट गोळा करीत फिरणारे तरुण पुष्कळ दिसतात. घ्या बापडे, पण त्यात दिवस घालवू नका.

माझ्या मते खरा दिवस असतो तो योगदानाचा. पुष्कळ वर्डकॅम्पना तो जोडलेला असतो. प्रत्येक टेबलावर वेगळे काम चालते आणि नवख्याला शेजारी बसवून शिकविले जाते. त्यातले भाषांतराचे टेबल तुमच्यासाठी आहे. पडद्यावर एकेक इंग्रजी वाक्य येते. तुम्ही मराठी सुचवायचे, संपादकाने तपासून मान्य करायचे. सोपे वाटते ना? पण "डिलीटेड" एवढाच शब्द आला तर काय लिहाल? लेख हटवला, नोंद हटवली, चित्र हटवले. काय हटवले ते शोधल्याशिवाय मराठीत क्रियापदच लिहिता येत नाही. काही वाक्यांत टक्क्याचे चिन्ह आणि पुढे एक अक्षर असते. त्या जागी नंतर नाव किंवा आकडा येतो. मराठीच्या वळणाप्रमाणे ते वाक्यात हलवावे, पण गाळू नये, नाहीतर वाचणाऱ्याला आकडाच दिसणार नाही. असे काम करायला प्रोग्रामिंग येण्याची अट नाही, चांगले मराठी येण्याची आहे. आपल्या मुलांना तर उर्दूही येते. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे पानाची मांडणीच उलटी करावी लागते. ती बरोबर उलटली की नाही हे उर्दू वाचणाराच चटकन ओळखतो.

आणि हे काम कोणासाठी? आंब्याची पेटी विकण्यासाठी स्वतःचे संकेतस्थळ करू पाहणारा बागायतदार इंग्रजी सूचना पाहून थबकतो, मग दुसऱ्याला पैसे देऊन करून घेतो, आणि पुढे पेटीचा भाव बदलायचा म्हटला तरी त्याच्याच तोंडाकडे पाहतो. ते वाक्य मराठीत असते तर त्याने स्वतःच बटण दाबले असते.

जाण्यापूर्वी वर्डप्रेसवर आपले खाते उघडून ठेवा, तेथे जाऊन परवलीचा शब्द आठवत बसू नका. लॅपटॉप नसेल तर दोघांत एक चालतो. मुलींनी तिघी-चौघींनी मिळून, हवे तर शिक्षिकेबरोबर जावे. वर्तनाचे नियम लेखी असतात आणि तक्रार कोणाकडे करायची तेही त्यात सांगितलेले असते. पालकांना ते आधी वाचून दाखवा.

आता कोणाला काही विचारायचे असेल तर जरूर विचारा.