सही पंतप्रधानांची, निर्णय राजाचा

२२ डिसेंबर २०२० रोजी रबातच्या राजवाड्यात मोरोक्कोचे पंतप्रधान सादेद्दीन ओथमानी यांनी एका जाहीरनाम्यावर सही केली. मोरोक्को आणि इस्रायल यांचे तुटलेले संबंध त्याने पुन्हा जुळणार होते. ओथमानी ज्या न्याय आणि विकास पक्षाचे नेते, त्या इस्लामवादी पक्षाचा पॅलेस्टाइन हा जिव्हाळ्याचा विषय. चारच महिन्यांपूर्वी त्यांनी अशा संबंधांना जाहीर विरोध केला होता. सही होत असताना राजे सहावे महंमद समोर हजर होते, आणि निर्णय त्यांचाच होता.

मोरोक्कोचा राजा पैगंबरांचा वंशज मानला जातो. राज्यघटनेनेच त्याला ‘अमीर अल-मुमिनीन’, श्रद्धावंतांचा नेता, हे पद दिले आहे. धर्माच्या नावाने बोलायचे तर आधी हा मान कबूल करावा लागतो. इस्लामवादी विचारवंत अब्देस्सलाम यासीन यांनी १९७४ मध्ये तेव्हाचे राजे दुसरे हसन यांना जाब विचारणारे लांबलचक पत्र लिहिले. त्यांना मनोरुग्णालयात डांबण्यात आले. न्याय आणि विकास पक्षाने मान कबूल केला, म्हणून त्याला निवडणुकीची वाट मोकळी झाली.

२०११ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा राजाने तातडीने नवी घटना आणली. सर्वांत मोठ्या पक्षातूनच पंतप्रधान नेमायचा, असे ठरले. न्याय आणि विकास पक्षाने ३९५ पैकी १०७ जागा जिंकल्या आणि अब्देलिलाह बेनकिरान पंतप्रधान झाले. लष्कर, सुरक्षा आणि धर्मखाते राजवाड्याने सोडले नाही. इंधनाचे अनुदान कापण्याचा वाईटपणा मात्र बेनकिरान यांच्या पदरी आला. तरीही २०१६ मध्ये जागा १२५ झाल्या! मग आघाडीचे घोडे पाच महिने अडले. राजाने बेनकिरान यांना हटवले आणि त्यांच्याच पक्षातले ओथमानी आणले.

२०२१ मध्ये पक्ष १३ जागांवर आपटला. ओथमानीही पडले.

पक्षावर बंदी घालायची वेळच आली नाही. पण मतदाराच्या दृष्टीने ही फसवणूकच आहे: राग व्यक्त करून त्याने सरकार बदलले, खरे निर्णय घेणारा मात्र मतपेटीपुढे कधी उभाच राहत नाही.

जॉर्डनच्या राजेशाहीत मात्र बंदीपर्यंत मजल गेली. १९५७ मध्ये राजसत्ता पेचात सापडली तेव्हा मुस्लिम ब्रदरहुड या इस्लामवादी संघटनेने राजे हुसेन यांची पाठराखण केली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच संघटनेशी जोडलेल्या पक्षाने १३८ पैकी ३१ जागा जिंकल्या. एप्रिल २०२५ मध्ये कटाच्या आरोपावरून झालेल्या अटकांनंतर ब्रदरहुडवर संपूर्ण बंदी आली.