सातवीनंतरचा जून : पालकांशी हितगुज

(सातवी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांच्या पालकसभेत एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



एकदा मृग लागला की आपल्यापैकी कोणालाही सवड राहणार नाही, हे जाणूनच ही सभा मे महिन्यात भरविली आहे. पेरणी आणि शाळेचा पहिला दिवस ही दोन्ही कार्ये जून महिन्यातच येतात. पेरणीची तयारी आपण उन्हाळ्यातच करतो. नांगरट होते, बी-बियाणे पाहून ठेवले जाते. मुलाच्या नव्या शाळेची तयारी मात्र घंटा वाजल्यानंतर सुरू होते. आज मला बोलावयाचे आहे ते याच एका गोष्टीविषयी.

आपल्या गावची शाळा सातवीपर्यंत आहे. आठवीसाठी मुलांना शेजारच्या गावच्या हायस्कुलात जावे लागते. अंतर म्हणाल तर चार-पाच किलोमीटरांचे. परंतु मुलाच्या दृष्टीने तो प्रवास फार मोठा असतो. येथे सात वर्षे गुरुजी त्याला नावाने हाक मारीत होते, त्याच्या घरचे सुखदुःख जाणत होते. तेथे प्रत्येक तासाला नवे शिक्षक येतात, वर्गात चार गावांची मुले असतात आणि आरंभी कोणीच कोणाला ओळखत नसते. मूल गळते ते पुष्कळदा परीक्षेत नापास होऊन नव्हे. ते या दोन शाळांच्या मधल्या वाटेवर, कोणाच्याही नकळत गळते.

यासंबंधी माझाच एक अनुभव आपणांस सांगतो. तो सांगताना मला संकोच वाटतो. पण सांगणे मी कर्तव्य समजतो. ही गोष्ट १९९६ सालची. मी तेव्हा एका लहान गावच्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. त्या वर्षी सातवीत पहिली आलेली मुलगी एका शेतमजुराची होती. निकाल लागला, मी तिचा शाळा सोडल्याचा दाखला लिहून, सही-शिक्का करून कपाटात ठेवला. वडील येऊन नेतील, असे मी समजलो. गुरुजी वरच्या शाळेत पाठवितील, असे तिचे वडील समजले. हायस्कुलाला तर अशी कोणी मुलगी आहे, हेच ठाऊक नव्हते. श्रावणात बाजाराच्या वाटेवर एका शेतात खुरपणी करणाऱ्या बायांमध्ये ती मला दिसली. मला पाहून उठली आणि म्हणाली, "गुरुजी, माझा दाखला अजून शाळेतच आहे ना?"

मी दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी गेलो. पण तोवर धाकट्या भावाला सांभाळण्याचे आणि मजुरीला जाण्याचे तिचे दिवस ठरून गेले होते. पुढील वर्षी पाठवू, असे तिचे आईवडील म्हणाले. ते वर्ष आलेच नाही. माझी बदली झाली तेव्हा नव्या मुख्याध्यापकांना कार्यभार देताना तो दाखला मी इतर कागदांबरोबर मोजून दिला. यात दोष कोणाचा? वडिलांचा म्हणणार नाही. तो माझा होता. कारण मुलीला पुढच्या शाळेच्या दारापर्यंत पोहोचविणे हे आपले काम आहे, असे मला त्या वेळी वाटले नाही.

मित्रहो, महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे असावे, अशी मागणी केली होती. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अंमलात आला. या कायद्याच्या दृष्टीने आठवी हा प्राथमिक शिक्षणाचाच भाग आहे. मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा आहे. आणि दाखला मिळण्यास उशीर झाला, एवढ्या कारणावरून नव्या शाळेने प्रवेश नाकारता कामा नये. तथापि कायदा दार उघडून देतो. दारापर्यंत मुलाचा हात धरून नेणे हे आईबापांना आणि शिक्षकांनाच करावे लागते.

तेव्हा जूनपूर्वी करावयाची कामे सांगतो. पहिले काम, दाखला स्वतः येऊन घ्या आणि घेताना वाचवून घ्या. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख व जात यांच्या नोंदी बरोबर आहेत ना, आधार कार्डावरील नावाशी जुळतात ना, हे पाहा. याच नोंदी पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर जातात. आज एका अक्षराची चूक सुधारणे सोपे आहे. दहावीनंतर त्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

दुसरे काम, जाण्यायेण्याची व्यवस्था. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी एस. टी.चा पास विनामूल्य मिळतो. मुलांनाही पासात मोठी सवलत आहे. पासासाठी शाळेचे प्रमाणपत्र लागते, म्हणून प्रवेश वेळेवर झाला पाहिजे. एकाच वाडीच्या मुलींनी मिळून जावे-यावे. त्यांच्या आयांनी आपसांत बसची वेळ ठरवून घ्यावी आणि आळीपाळीने थांब्यावर जावे. "मुलगी मोठी झाली, लांब कशी पाठवू?" ही आईची काळजी खोटी नाही. परंतु त्या काळजीवरचा उपाय सोबत हा आहे. मुलीला घरी बसविणे हा नव्हे. लग्नसराईत कोणी स्थळ घेऊन आले, तर अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना स्पष्ट सांगा.

तिसरे काम, जी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात त्यांच्यासाठी आहे. मूल मागे कोणाजवळ राहील, याचा विचार कोयता हाती घेताना नव्हे, आजच करा. आजी-आजोबा, चुलते, मावशी यांच्यापैकी कोणाकडे तरी ठरवा आणि ते शाळेला कळवा. जेथे हंगामी वसतिगृहाची सोय होते तेथे मुलाचे नाव अगोदर द्या. चार-पाच महिने फडावर गेलेले आठवीचे मूल परत आल्यावर गणित आणि विज्ञान यांत फार मागे पडलेले असते आणि मग लाजेने शाळेकडे फिरकत नाही.

चौथी गोष्ट पैशाची. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके आणि दुपारचा आहार शाळेतून मिळतो. नववीत हा आधार सुटतो. म्हणून आठवीतच पुढील वर्षाची बेगमी करावी. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीतच होते. तिच्यासाठी निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांसाठी ही परीक्षा आहे. उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसील कचेरीतून वेळीच काढून ठेवा आणि शाळा उघडताच या परीक्षेविषयी वर्गशिक्षकांना विचारा.

आता घरातील तयारीविषयी. पुष्कळ आईबाप म्हणतात, "आम्ही अडाणी, आम्ही काय अभ्यास घेणार?" माझे उत्तर असे की, अभ्यास शिक्षक घेतील, आपण वेळ द्या. संध्याकाळचा एक तास ठरवा. त्या तासात दूरदर्शन संच बंद, मोबाइल बाजूला आणि मुलाला कोणतेही काम सांगावयाचे नाही. घर एका खोलीचे असले तरी एक कोपरा आणि एक दिवा त्याचा असू द्या. नंतर वही उघडायला सांगा आणि विचारा, "आज काय शिकविले, मला समजावून सांग." अक्षर ओळखत नसलेल्या आईला धडा समजावून सांगता सांगता मुलाचा धडा पक्का होतो.

पहिल्या चाचणीत गुण कमी पडले, तर रागावू नका. येथे पहिला आलेला मुलगा तेथे दहावा येईल, कारण तेथे चार गावांचे पहिले आलेले असतात. त्याला कमी लेखून शेतात बोलावू नका. दिवाळीपर्यंत त्याला धीर द्या. आणि शाळेच्या पहिल्या दिवशी आईवडिलांपैकी एकाने त्याच्याबरोबर जावे, वर्गशिक्षकांना भेटावे आणि आपले नाव सांगावे. पेरणीचा एक दिवस मोडेल; पण नव्या शाळेत आपले मूल ओळखणारा एक माणूस तयार होईल.

शेवटी माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आता विद्यार्थ्याची नोंद संगणकावरून एका शाळेतून दुसऱ्या शाळेकडे जाते. ही सोय चांगली आहे. पण नोंद गेली म्हणजे मूल गेले, असे समजू नये. सातवीची यादी हाती घ्यावी. शाळा सुरू झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत हायस्कुलात जाऊन, प्रत्येक नाव तेथील हजेरीपटावर आहे आणि ते मूल बाकावर बसलेले आहे, हे डोळ्यांनी पाहावे. जे दिसणार नाही त्याच्या घरी त्याच संध्याकाळी जावे. श्रावणापर्यंत थांबू नये. मी थांबलो होतो.

आज या सभेत सातवीच्या मुलांचे दाखले तयार ठेवले आहेत. आपल्या मुलाचा दाखला हाती घेतल्याखेरीज कोणीही घरी जाऊ नये, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.