ताईची सही

(रायपूर येथे पदवीधर तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले आणि इथेच त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. ते गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. पुण्यानुमोदन झाल्यावर दादा मला म्हणाला, "तू शिकलास, तूच लिही." मी लिहिलं : ताईला घरात वाटा नको आहे. ताईने न वाचताच सही केली. म्हणाली, "तू लिहिलंस ना, मग बरोबरच असेल."

बरोबर नव्हतं. आज मी त्या कागदाबद्दल बोलणार आहे.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांना समान वाटा मिळतो. आजी हयात नव्हती. म्हणून आई, दादा, ताई आणि मी, प्रत्येकाचा चौथा हिस्सा. मुलीचं लग्न झालं, लग्नात खर्च केला, तिने जातीबाहेर लग्न केलं, यांपैकी कशानेही तिचा वाटा जात नाही. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं. त्या बिलात मुलीचा वाटा होता. घरात त्यांचा फोटो लावून मी बहिणीचा वाटा लिहून घेतला.

घरावरचा हक्क सोडायचा, तर हक्कत्यागाचा दस्त नोंदवावा लागतो. माझा साधा कागद कायद्यात टिकणारा नव्हता. घरात मात्र तो बारा वर्षं टिकला, कारण तो शिकलेल्या भावाने लिहिला होता.

आता मृत्युपत्र. आपल्या कमाईची मिळकत कुणालाही देता येते. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी केलेली बरी. ज्याला मिळकत मिळणार, त्याला साक्षीदार करू नका. आणि हे लक्षात ठेवा : जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीला वगळायलाही मृत्युपत्रच वापरतात. आईवडिलांसाठी ते लिहायला बसाल तेव्हा कुणाचं नाव गळतंय, ते विचारा.

मृत्युपत्र खरं आहे असं न्यायालय प्रमाणित करतं, त्याला प्रोबेट म्हणतात. सक्तीचा जुना नियम मुंबई, कोलकाता, चेन्नई यांच्याशी जोडलेला होता. रायपुरातल्या घरासाठी आपल्याला तो सक्तीचा नाही. मृत्युपत्र नसेल आणि बँकेतले पैसे अडले, तर दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र घेता येतं.

बँकेच्या पासबुकावर दादाचं नाव नॉमिनी म्हणून होतं. आम्हाला वाटलं, पैसे त्याचेच. नॉमिनी पैसे स्वीकारतो. मालकी वारसांची असते. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच सांगितलं. पटवाऱ्याकडच्या नामांतरणाचंही तसंच. बी-१ वर एकट्या भावाचं नाव चढलं, म्हणून तो एकटा मालक होत नाही.

आदिवासी साथींना १९५६ चा कायदा लागू नाही. तिथे प्रथा पाहतात. आपल्या छत्तीसगडमधल्या एका गोंड स्त्रीच्या वारसांनी तिच्या वडिलांच्या जमिनीत वाटा मागितला. तीन न्यायालयांनी दावा फेटाळला : मुलीला वाटा देण्याची प्रथा सिद्ध झाली नाही. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उलट बाजूने पाहिलं : वाटा नाकारण्याची प्रथा तरी कुठे सिद्ध झाली? मग समानता लागू. त्या स्त्रीच्या वारसांना वाटा मिळाला.

तो निकाल वाचून मी ताईकडे गेलो आणि तो जुना कागद तिला मोठ्याने वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे भांडण झालं की मी हात जोडून उभी राहायचे, ते घर माझंही होतं?"

दादा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण घराच्या कागदांवर चौघांची नावं लावण्याचा अर्ज आम्ही दिला आहे, आणि या वेळी ताईने प्रत्येक ओळ वाचून सही केली.

आपल्या घरातले लोक आपल्या अक्षरावर विश्वास ठेवतात. कुणाचीही सही घेण्याआधी त्याला कागद वाचून दाखवा, त्याच्या भाषेत.

जयभीम.