महिनाभर पुरेल असं एक गणित



शाळेनं पत्रातून विषय कळवला होता: गणितात हुशार असलेल्या मुलांना देशोदेशी कसं शिकवतात. विषय माझ्या रोजच्या कामातला आहे. कॉलेजात गणित शिकवते, ऑलिम्पियाडची, म्हणजे शाळकरी मुलांच्या गणित स्पर्धेची, तयारी करणारी मुलंही माझ्याकडे येतात. पण आपल्या शाळेच्या या पटांगणात पाऊल ठेवलं आणि आधी आमचा वर्ग आठवला. धानकापणीच्या दिवसांत अर्धी बाकं रिकामी असायची. तारसा, खात, अरोलीकडची मुलं सायकलीनं यायची. कन्हान नदीला पूर आला की पलीकडची मुलं दिसायचीच नाहीत. आणि दर सोमवारी आमचे सर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक गणित लिहायचे, भोवती चौकोन काढायचे. तो चौकोन शनिवारपर्यंत पुसायची कोणाची छाती नव्हती. नुसतं उत्तर घेऊन गेलं की वही परत यायची. ‘कसं केलं ते लिहून आण बाप्पा,’ एवढंच म्हणायचे. शेण काढताना, विहिरीवर पाणी ओढताना तेच गणित डोक्यात फिरत राहायचं. एखाद्या शनिवारी कोणालाच सुटलं नाही तर सर तेच पुढच्या सोमवारी पुन्हा लिहायचे. उत्तर कधी सांगत नसत.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून मुद्दाम सांगते. तुम्ही करत होता तेच हंगेरीत एका शाळामास्तरानं देशभरासाठी केलं. दानिएल अरान्य त्यांचं नाव. ग्यॉर गावात शिकवताना 1894 साली त्यांनी शाळकरी मुलांसाठी गणिताचं मासिक काढलं. अंकात गणितं छापायची, मुलांनी पुढच्या महिन्यापर्यंत रीतीसकट उत्तरं टपालानं पाठवायची, ज्यांची बरोबर येतील त्यांची नावं छापायची. पुढे फोटोही छापू लागले. पॉल एर्डॉश शाळेत असताना या मासिकाला उत्तरं पाठवायचे. विसाव्या शतकातल्या मोठ्या गणितज्ञांत त्यांची गणना होते. महायुद्धांत खंड पडला, पण ते मासिक आजही निघतं.

रशियात 1963 साली गणितज्ञ कोल्मोगोरोव यांनी मॉस्कोत निवासी शाळा काढली, मॉस्कोबाहेरच्या मुलांसाठी. पुढच्याच वर्षी गेल्फांड या दुसऱ्या गणितज्ञांनी पत्राद्वारे चालणारी गणिताची शाळा सुरू केली. गेल्फांड स्वतः लहान गावातले. त्यांना ठाऊक होतं की खेड्यातलं प्रत्येक मूल राजधानीत येऊ शकत नाही. म्हणून पुस्तिका गावी जायच्या, सोडवलेली गणितं परत यायची, विद्यापीठातले विद्यार्थी ती तपासून शेरे लिहून पाठवायचे. त्यातली एक सोय मला फार मोलाची वाटते. गावातली चार-सहा मुलं आणि त्यांचे शिक्षक मिळून ‘एक विद्यार्थी’ म्हणून नाव घालू शकत. सगळ्यांनी मिळून डोकं चालवायचं, सगळ्यांचं मिळून एक उत्तर.

आपल्याकडेही काम झालं आहे. पुण्यात 1962 साली हुशार मुलांसाठी ज्ञानप्रबोधिनी निघाली, 1976 साली गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी गणितासाठी भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं. मुंबईच्या होमी भाभा केंद्रात ऑलिम्पियाडची शिबिरं होतात. भारत 1989 पासून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये उतरतो, 2024 मध्ये आपण चार सुवर्णपदकं आणली. पण आपली रीत आधी परीक्षेत निवडायचं आणि मग शिकवायचं, अशी आहे. आपल्या इथल्या कोदामेंढीची मुलगी त्या पहिल्या चाळणीपर्यंत पोचणार कशी?

पालकांनो, आता तुमच्याशी बोलते. आठवीपासून मुलांना पहाटेच्या बसनं नागपूरच्या क्लासला पाठवता. पोटाला चिमटा काढून फी भरता, हे मला माहीत आहे. तिथं मूल शिकतं काय, तर मिनिटाला एक प्रश्न, चारातला एक पर्याय. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडच्या पेपरात साडेचार तासांत तीनच गणितं असतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेचार तास, पुन्हा तीन. जगात जिथं जिथं गणिती घडले तिथं मुलांना भरपूर वेळ मिळाला, असं माझं ठाम मत आहे. मुलांनो, घाई करू नका. गणित सुटलं नाही तर पान उलटू नका. मोबाइलमध्ये उत्तर शोधू नका. आठवडा जाऊ दे, महिना जाऊ दे, ते गणित जवळ बाळगा. न सुटलेलं गणित घेऊन झोपायला ज्याला जमतं, त्याला पुढे कशाचीच भीती वाटत नाही. मी गणितापुरतं बोलत नाही. नोकरी, शेती, संसार, सगळीकडे हाच गुण लागतो.

अध्यक्ष महोदय, तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. शाळा सुटल्यावर एक खोली सात वाजेपर्यंत उघडी ठेवा. मुख्याध्यापिका बाई, त्या खोलीत फळा हवा आणि तो कोणी पुसू नये. एनटीपीसीच्या वीज केंद्राचे अभियंते इथं बसले आहेत. तुमच्यातल्या कोणी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तर मुलांच्या वह्या तपासून होतील. गेल्फांडकडे हे काम विद्यापीठातली पोरं करत होती. आणि त्या खोलीत मुली असायला हव्यात. आई-बाबांनो, संध्याकाळी एकटी कशी येईल ही तुमची काळजी खरी आहे, म्हणून त्यांना एकत्र पाठवा, एकत्र आणा. पण घरी बसवू नका.

पहिलं गणित मीच देते. 1 ते 100 मधल्या कोणत्याही 51 संख्या निवडा. त्यांत अशा दोन संख्या सापडतातच की लहान संख्येनं मोठीला पूर्ण भाग जातो. का सापडतात, ते कारण मला हवं. चार-सहा जणींनी, चार-सहा जणांनी मिळून एक कागद लिहा आणि शाळेच्या पत्त्यावरून पाठवा. महिनाभर वेळ आहे. प्रत्येक कागद मी स्वतः वाचीन आणि शेरा लिहून परत पाठवीन.